विरजणाची गती

दुग्धालयात सारे त्याला 'प्रोफेसर' म्हणत. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसास ही पदवी लाभावी, यातील थट्टा त्याला स्वतःलाही उमगत असे; परंतु आम्लतामापनाचे प्रशिक्षण घेऊन आल्यापासून तो ती मिरवू लागला होता.

त्या सकाळी प्रसंग बाका होता. दुग्धालयाची मालकीण म्हणजे त्याची थोरली बहीण. तिने बजावले होते, "आज खाणावळवाले काका दही चाखायला येतायत. त्यांना पसंत पडलं तर दहीखोली तुझी. नाहीतर तू आणि कॅन घासायचा ब्रश."

प्रोफेसराने कोमट दुधास विरजण लावले आणि लगेच नमुना तपासला. आम्लता जागची हलेना. पुन्हा तपासला, तीच गत. जिवाणू आधी नव्या दुधात रुळतात आणि मग दामदुपटीने वाढतात, हे त्याला तोंडपाठ होते. परंतु पाठांतर वेगळे आणि धीर वेगळा. 'गेले बिचारे,' असा शास्त्रीय निष्कर्ष काढून त्याने आणखी विरजण ओतले. मग आणखी. अखेर जिवाणूंनी अशी मुसंडी मारली की, त्यांना थोपवायला भांड्याभोवती गार पाणी सोडेपर्यंत आम्लता हाताबाहेर गेली.

खाणावळवाल्यांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा एक डोळा मिटला. "प्रोफेसर, माझ्यावर काही जुना राग आहे का?"

"घाई केली, काका," तो खालमानेने म्हणाला.

"हा जन्मालासुद्धा दोन महिने आधी आला," ताई म्हणाली. "संध्याकाळी या. दुसरं लावतो आम्ही."

दुसऱ्या दुधास विरजण लागताच ताईने त्याला दंडाला धरून बाहेर काढले व दारास कुलूप घातले.

"ताई, एकच नमुना."

"एकही नाही."

तो दारासमोर येरझाऱ्या घालू लागला. जिवाणू निदान स्वतःच्याच आंबटपणाने कधीतरी थांबतात; आपल्याला थांबवायला थोरली बहीण लागते, हे सत्य त्याच्या गळी उतरले, पण अंमळ आंबटच लागले.

संध्याकाळी दही असे घट्ट लागले होते की चमचा उभा राहावा. खाणावळवाल्यांनी दुसरा चमचा न मागताच घेतला. "उद्यापासून रोज पाठवा," ते म्हणाले.

"दहीखोली तुझी," ताई म्हणाली.

त्याने हात पुढे केला. "आणि किल्ली?"

"ती माझ्याकडे राहील."