खालच्या ओळीतला 'य'

दर ऑक्टोबरच्या अखेरीला तेओफिलाबाई नवऱ्याबरोबर शिद्वोव्येत्सच्या कबरस्तानात जायच्या आणि त्याच्या पहिल्या बायकोची कबर घासून लख्ख करायच्या. सवत, तीही मेलेली. भांडायचीसुद्धा सोय नाही. पण बाईंना तिथे एक सुख होतं. सवतीच्या, म्हणजे वालेन्तिनाच्या, दगडावर शब्द चुकीच्या जागी तोडला होता.

त्यांच्या भाषेतला शब्द होता 'नायउकोहान्शा', म्हणजे सर्वांत लाडकी. त्यातला 'सर्वांत' तो 'नाय'. ओळ अपुरी पडली तर शब्द 'नाय'नंतरच तोडायचा, हे बाईंनी चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या डोक्यात भरलं होतं. दगडावर मात्र वर 'ना-' आणि खाली 'युकोहान्शा'. त्या 'य'वर बाईंचा ब्रश जरा जास्तच रेंगाळायचा. म्हणे सर्वांत लाडकी, आणि धड लिहिलंसुद्धा नाही कोणी.

यंदा नवऱ्यानं, क्साव्हेरीनं, जिवंतपणीच दोघांची नावं कोरून घ्यायचं ठरवलं. वालेन्तिनाच्या शेजारी तो, पलीकडे तेओफिला, मरणाची तारीख तेवढी रिकामी. बाईंनी बजावलं, "मलाही तोच शब्द हवा. एक अक्षर कमी चालणार नाही."

"अगं, दोघी सर्वांत लाडक्या कशा होतील?" क्साव्हेरी हसला. बाई हसल्या नाहीत.

झेनेक पाथरवट बाईंचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, नवा दगड बसवताना जुन्यावरची चूकही सुधारून देतो. आमच्या बाबांचं काम आहे ते, लोक हसतात."

"त्याला हात लावायचा नाही," क्साव्हेरी म्हणाला. "तुझ्या बापाची चूक नव्हती ती. मीच तसं लिहून दिलं होतं. तिला जाऊन आठवडा झाला होता, समोरचं दिसत नव्हतं मला. तुझा बाप म्हणालासुद्धा, शब्द चुकलाय. म्हटलं, असू दे."

मग त्यानं खिशातून तेओफिलासाठी लिहिलेला कागद काढला. पट्टीनं आखलेल्या ओळी, टपोरं अक्षर. वर 'नाय-', खाली 'उकोहान्शा'.

"तपासून घे गं फिला. तुझ्या नावाला चूक नको."

बाईंनी चष्मा चढवला. तीनदा वाचलं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. तिच्यासाठी याला समोरचं दिसेनासं झालं, आणि माझ्यासाठी पट्टी घेऊन बसला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. झेनेकच्या कानावरची पेन्सिल ओढून त्यांनी वरचा 'य' खोडला आणि खालच्या ओळीत लिहिला.

"बाई, हे चूक आहे," झेनेक चाचरत म्हणाला. "याच शब्दासाठी तुम्ही मला शंभरदा लिहायला लावलं होतंत."

"मुकाट्यानं कोर," बाई म्हणाल्या. "ह्याला माझ्यासाठी चुकता आलं नाही, म्हणून मीच चुकले."