दुसरं ताट

"साडी नेस, खिडकीशी बस, नजर खाली ठेव," फोटोग्राफीचे सर म्हणाले. "विषय एकटेपणा आहे, पण तुझी ओळखही दिसायला हवी. शुक्रवारपर्यंत आण, नाहीतर प्रदर्शनात तुला भिंत नाही."

भिंत नाही म्हणजे वर्ष वाया. माझं डोकंच फिरलं. या परक्या देशात दोन वर्षं मी जीन्समध्ये एकटी राहिले आणि दुःखी व्हायचं ते म्हणे साडी नेसून.

एकटेपणाचे फोटो माझ्याकडे ढीगभर होते. दर रविवारी मी टेबलावर दोन ताटं मांडायचे, जेवायचे, कॅमेऱ्याला टायमर लावून हसायचे आणि फोटो आईला पाठवायचे. खाली लिहायचे, "मैत्रिणीने काढला." मैत्रीण कसली न काय. पाठवण्याआधी फोटोच्या कडा कापायचे, कारण तिथे खुर्चीवर वाळत घातलेले मोजे आणि दाराशी एकच चप्पलजोड दिसायची.

आता तेच फोटो न कापता लावायचं ठरवलं. पण प्रदर्शन कॉलेजच्या वेबसाइटवर येणार, आणि मावशी ते आईला दाखवल्याशिवाय थोडीच राहणार. म्हणून मीच आधी फोन करून सगळं कबूल केलं.

"मला पहिल्याच रविवारी कळलं," आई म्हणाली.

"कसं काय?"

"अगं, तुझं ताट उष्टं आणि तिचं लख्ख. दर रविवारी उपाशी जाणारी ही कुठली मैत्रीण?"

मला हसू आलं आणि रडूही. "मग बोलली का नाहीस?"

"तू माझ्यासाठी एवढा खटाटोप करत होतीस. म्हटलं, करू दे, त्या निमित्ताने एक दिवस धड जेवते तरी. लाव ते भिंतीवर. मावशीचं मी बघते."

शुक्रवारी सकाळीच मी सरांना न विचारता एक भिंत धरली आणि अकरा फोटो ठोकले, मोज्यांसकट. सर आले आणि बराच वेळ त्या लख्ख ताटांकडे बघत राहिले.

"साडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"कपाटात, आईने दिलेल्या आणखी दोघींबरोबर. ती एकटी नाही, सर. एकटी मी आहे. नापास करायचं तर करा, हे फोटो उतरणार नाहीत."

मी हातोडी पिशवीत टाकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.