हर्णैच्या वाळूत जीप

आमचे हे, म्हंजे अमृतराव, वसमत डेपोत एसटीचे ड्रायव्हर व्हते. रिटायर झाले तरी स्टेअरिंग काही सुटंना. जुनी जीप घेतली आन् म्हणाले, समुद्र पाहायला जाऊ, तिथंच तंबू ठोकू, ताजे मासे रांधून खाऊ. मी म्हणले, सरळ सांगा की, गाडी हाकायचीय म्हणून.

आमच्या रविंद्रचं म्हणणं एकच. बाबाची नजर गेली, जीप इकून टाकायची. हे कबूल करतील तर शपथ. म्हणाले, ह्या फेरीत एक जरी चूक झाली तर किल्ली तुझ्या हातात देतो, पुन्यांदा मागणार न्हाई. मंग रविंद्र मागं बसला, तंबू आन् स्टोव्ह सांभाळत. मी पुढं ह्यांच्या बाजूला. घाट उतरला तरी गाडीला कुठं खरचटलं न्हाई. मलाबी बरं वाटलं, खोटं काहून बोलू? किल्ली गेली असती तर हा माणूस घरात बसून वाळून गेला असता.

हर्णैला मासळीचा लिलाव वाळूवरच भरतो. मी घासाघीस करून सुरमई घेतली. पाणी पार लांब गेलेलं, वाळू कडक. ह्यांनी जीप थेट खाली नेली. आमच्याकडं सिद्धेश्वर धरणाचं पाणी एकदा उतरलं की पावसाळ्याबिगर परत फिरत न्हाई, लोक उघड्या गाळात पीक काढतात. आमी तिघंबी त्याच हिशोबात. पाण्याच्या तोंडाशी तंबू ठोकला. मी तुकड्यांना घरची हळद-तिखट चोळलं आन् स्टोव्ह पेटवला.

मासे तळून झाले आन् पाणी पायाशी आलं. आधी हसलो. मंग ते तंबूत शिरलं. रविंद्रनं तंबू उपटला, मी तवा घेऊन पळाले. हे जीपमधी. चाकं रुतलेली, जेवढा जोर करत तेवढी खाली जात. रविंद्र ओरडून राहिला, हे उतरंनात. पाणी फुटबोर्डाला लागलं. माझं डोकंच फिरलं. तवा लेकाच्या हातात दिला, लुगडं खोचलं आन् पाण्यातून जाऊन ह्यांच्या बाजूला बसले.

"खाली उतर," हे म्हणाले.

"ड्रायव्हर बसलाय तवर पॅसेंजर काहून उतरंल?"

आधी पॅसेंजर उतरवायचे, मंग ड्रायव्हरनं उतरायचं, हे ह्यांनी जलमभर पाळलेलं. माझ्याकडं पाहिलं, किल्ली काढली, मला हात देऊन उतरवलं. वर येऊन किल्ली गुमान रविंद्रच्या हातावर ठेवली.

कोळ्यांनी ट्रॅक्टर लावून जीप ओढून काढली. भरतीच्या वाटंत कोण गाडी लावतं म्हणून हसले. सडकंच्या कडंला आमी गार झालेली सुरमई खायला बसलो. मला काही राहवंना. मी म्हणले, रवी, चूक तिघांची व्हती, बाबाची किल्ली दे माघारी. त्यानं खिशात हात घातला बी.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "बीड सोडल्यापासून उजव्या डोळ्यानं काहीच दिसून न्हाई राहिलं मला."

घास माझ्या हातातच राहिला. मी विचारलं, मंग घाट कसा उतरला?

"तू सांगत व्हतीस की. ट्रक आला, म्हातारी आली, वळण आलं. तुझ्या तोंडाच्या पट्ट्यावर आणली गाडी."

ह्यांना बदडून काढावं वाटलं, आन् रडू बी आलं. मी तोंडाला पदर लावला.

सकाळी रविंद्र स्टेअरिंगवर बसला. आमी दोघं मागं. मी ठरवलंच व्हतं, एक शब्द बोलायचा न्हाई. दापोली मागं पडली. हे खिडकीकडं तोंड करून बसलेले. मंग माझ्या कोपराला हात लावला.

"काहून गप बसलीस? समोर काय काय येऊन राहिलं, सांग की."

मी डोळे पुसले, पुढं वाकून पाहिलं आन् सांगाया लागले.