हाताला ठाऊक असलेले आकडे

गेला आठवडाभर नबिला एका जुन्या अमेरिकन चित्रपटाची मराठी सबटायटल्स लिहीत होती. तिजोऱ्या फोडत गावोगाव भटकणारा तो 'येग'. त्याचे स्फोटक द्रव्य म्हणजे 'सूप'. आणि स्फोटाविना, केवळ कानाने अन् बोटांनी तिजोरी उघडणारा 'बॉक्समन'. त्या शब्दांना मराठी जोड सापडत नव्हती, एवढीच तिची चिंता होती. आज सकाळी हर्णैहून हमदुल्लाचाचांचा फोन आला: दादी गेली.

दुबईच्या करामा भागातल्या अत्तराच्या दुकानात तिचे अब्बा, बदरुद्दीन, तिजोरीपुढे गुडघे टेकून बसले होते. पासपोर्ट आत होता. दुपारचे विमान चुकले, तर आईच्या मातीला ते पोहोचणार नव्हते. आकड्यांची चकती फिरत होती; दरवाजा हलत नव्हता.

"नंबर आठवा ना, अब्बा."

"नंबर डोक्यात कधी नव्हताच गं. रोज हातच फिरवतो. आज हातही माझा नाही."

तिजोरीवाल्या कंपनीने दुकानाचे कागद मागितले होते. माणूस उद्या येईल, इन्शाल्ला.

पुन्हा चाचांचा फोन. "भाईजान, उद्या पहाटे फजरच्या नमाजापुढं मय्यत नाही थांबवता येणार. निघालात ना?"

"निघालोच," अब्बा म्हणाले, आणि त्या खोट्याचा घाम त्यांच्या कपाळावर उभा राहिला.

नबिलाने लोखंडाला कान लावला. आत, बंद समुद्रासारखी, नुसती शांतता.

"काय शिकलीस त्या चोरांकडून?"

"शब्दच शिकले, अब्बा."

मग तिचे लक्ष गल्ल्याजवळच्या थंड धूपदाणीकडे गेले. रोज आधी ऊद पेटे, मग तिजोरी उघडे. आज फोनने तो क्रम मोडला होता.

"ऊद लावते."

"आज? घरात मय्यत असताना?"

"दुकान उघडता तसं उघडा. पासपोर्ट विसरा."

निखाऱ्यावर धूर उमलला. अब्बांनी डोळे मिटले. ओठ सवयीने बिस्मिल्ला पुटपुटले. बोटे उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे वळली. दरवाजा उघडला.

हाताने रोजच्यासारखी सुट्ट्या पैशांची थैली उचलली आणि रोजच्यासारखाच दरवाजा मागे लोटला; मिटताच तो आपोआप कुलूपबंद होई.

नबिलाने फटीत आपला हात घातला.

लोखंड बोटांवर आदळले. अब्बांनी डोळे उघडले, आधी तिची बोटे पाहिली, मग त्या बोटांमुळे उरलेली अरुंद फट.

"या अल्ला, बेटा..."

"पासपोर्ट घ्या आधी," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "हात मग काढते."