तिसरीचा मामा

कुटुंबकल्याणाच्या प्रचारगाडीवरून ओरडण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. ऑफिसात त्याला सगळे भोंगाच म्हणत. 'दोनच दिवे, घर उजळे' हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की झोपेत कूस बदलतानाही तोंडून तेच यायचं. आणि आता निवृत्तीच्या तोंडावर वरून हुकूम आला: मुलं कमी पडायला लागलीत, लोकांना सांगा, तिसरा दिवाही लावा. गाडी तीच, माईक तोच, घसाही तोच. शब्द तेवढे उलटे. चौकातली म्हातारी माणसं तोंडावर हसायची. चिडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

त्यातच साहेबांनी टूम काढली, की तीन मुलं असलेल्या कर्मचाऱ्यांचा सत्कार करायचा. भोंग्याला तीन होती. पण तिसरी झाली तेव्हा तिसऱ्या मुलापायी नोकरी जायची, आणि प्रचारगाडीवरच्याच माणसाला कोण सोडणार? त्यानं धाकटीला बहिणीची मुलगी म्हणून घरात वाढवलं. ऑफिसचं कोणी आलं की मला मामा म्हण, असं तिला बजावलं. एवढ्याशा पोरीला कधी काय म्हणायचं हे कुठून जमणार? मग कायमचंच मामा-मामी करून टाकलं. मोठी झाल्यावर तिला खरं सांगितलं, पण तोवर जिभेला तेच वळण पडलं होतं. तिची आई मामी म्हणूनच गेली.

संध्याकाळी तो धाकटीच्या खोलीवर गेला. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात राबून ती आता दारात बसून शर्टांना काजं करत होती.

"सत्काराला येशील?" त्यानं विचारलं. "सगळ्यांसमोर सांगतो, ही माझी मुलगी. आता कुणाच्या बापाची भीती नाही."

"आता सरकारला चालतंय म्हणून?"

"तसं म्हण हवं तर. हारतुरे गेले खड्ड्यात. तू एकदा बाबा म्हण, बस."

ती फाडफाड बोलेल, या तयारीनंच तो आला होता. पण तिनं सुई कापडात खोचली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही म्हणता येत हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "रागानं नाही, खरंच. कारखान्यातल्या बायका आपापल्या वडिलांचं काहीबाही सांगत बसतात. मी म्हणते, मला वडील नाहीत, पण मामानं कधी काही कमी पडू दिलं नाही."

भोंगा तिच्या डोक्यावरून हात फिरवून उठला.

दुसऱ्या दिवशी साहेब सत्काराची नावं लिहून घेत होते. "तुम्हाला मुलं किती हो?"

"दोन," भोंगा म्हणाला, आणि गाडी काढायला गेला.