खोली बावीस, पाइप नऊ

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दिवाणखान्यातल्या डबीवर लाल आकडा उमटला. आईची, म्हणजे आनाची खोली, बावीस अंश. पाठोपाठ दुसरा आला. त्याच खोलीतल्या रेडिएटरचा पाइप, नऊ.

एवाज चहाचा पेला हातात धरून तसाच उभा राहिला. पाइप गार असताना खोली गरम कशी?

तो इराणमधल्या अर्दबील शहरात लिफ्टची दुरुस्ती करायचा. भंगारात निघालेल्या एका लिफ्टमधले मजल्यांचे आकडे काढून त्याने ही डबी जोडली होती. महिन्यापूर्वी थंडी उणे सतरावर गेली, तेव्हा प्रत्येक खोलीत वायरच्या टोकाला एकेक तापमापक टांगला. बॉयलर एक, रेडिएटर पाच. कुठली खोली गारठतेय ते बसल्या जागी कळायला हवं होतं. पाइपांवरचे तापमापक मात्र कालच संध्याकाळी बसवलेले.

"सोलमाज, हे खोटं दाखवतंय."

"तुझी डबी आणि खोटं?" बायको तीन महिन्यांच्या मुलीला खांद्यावर थोपटत म्हणाली. "येईल त्या पाहुण्याला दाखवत होतास ना, बघा, माझी आना बावीस अंशांत झोपते! आता भोग."

"थट्टा पुरे. जोड सैल असेल."

जोड सैल नव्हता. दिवाणखान्यातून आईच्या खोलीत जाणाऱ्या पाइपावरचा तापमापक काढून त्याने दुसरा लावला. नऊच. मग पाइपालाच हात लावला. तो थंडगार होता. सात वाजून दोन मिनिटं झाली होती.

"आना नमाजाला उठल्या नाहीत का रे?" सोलमाजने विचारलं. "नळाचा आवाज आला नाही."

एवाजने दार ढकललं. ते हलेना. दाराखालच्या फटीत आतून घडी केलेली चादर कोंबली होती. खांदा लावला तेव्हा उघडलं.

खोलीच्या मधोमध कोरसी मांडली होती. माळ्यावर टाकलेलं ते बुटकं मेज, वर रजई, खाली शेगडी. कोळशांची राख झाली होती. रजईखाली पाय घालून त्याची आई, गुलअंदाम, आडवी होती, गाल लालसर, जणू आत्ताच हमामातून आलीय.

"आना! ए आना!"

त्याने खिडकी सताड उघडली, तिला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. सोलमाज फोनवर पत्ता ओरडून सांगत होती. चपला आणायला तो परत आत गेला, तेव्हा रेडिएटरची झडप दिसली. घट्ट बंद. भिंतीवरचा तापमापकही जागेवर नव्हता. वायर जमिनीवरून कोरसीपर्यंत गेली होती, आणि तिचं टोक रजईच्या कडेला दोऱ्याने नीट टाचलं होतं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात तो सोलमाजकडे वळला.

"तुला माहीत होतं?"

"झडपेचं माहीत होतं," सोलमाज म्हणाली. "म्हणाल्या, माझ्या वाटची ऊब बाळाच्या खोलीत जाऊ दे, मी थंडीतच वाढलेय. एवाजला सांगू नकोस. माझा आकडा पंधरावर आला की तो येरझाऱ्या घालतो. आकड्याचं मी बघते."

"कसं बघणार, विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाल्या, तुझा नवरा अख्ख्या लिफ्ट वर चढवतो, मला एक आकडा चढवता येणार नाही?" ती बाकावर बसली. "मी हसले, एवाज. मला वाटलं, गरम पाण्याची पिशवी ठेवत असतील."

तो भिंतीला टेकला. सहा चाळीस ते सात दोन. बावीस मिनिटं तो जोड तपासत होता.

दुपारी बारापर्यंतची माहिती एवढीच होती: कोळशाचा विषारी वायू अंगात भिनलाय, प्राणवायू चालू आहे. गुलअंदामने एकदा डोळे उघडले. नर्स पायांवर पांघरूण ओढायला गेली, तेव्हा तिने हाताने ते बाजूला सारलं. स्वतःचं नाव विचारलं, ते तिला अजून सांगता आलेलं नाही.