खंडेनवमीचं कुंकू

त्या लोखंडी तुकड्याच्या सहा बाजूंपैकी पाच अगदी सारख्या होत्या. एक इंच लांब, एक इंच रुंद. कडा इतक्या सरळ की नख फिरवलं तर कुठं अडत नसे, आणि डोळ्यांजवळ धरला तर त्यात आपलाच चेहरा धुरकट दिसे. सहाव्या बाजूवर मात्र दोन डाग होते. एक ज्वारीच्या दाण्याएवढा, दुसरा त्याला खेटून, किंचित मोठा. दोन्हींचा रंग जुन्या चिंचेसारखा काळपट तांबडा. तुकडा उन्हात तिरपा धरला तर मोठ्या डागात बारीक, वळणावळणाच्या रेषा दिसत, बोटाच्या ठशात असतात तशा.

शेषरावानं हा तुकडा दोन वर्षं जवळ बाळगला होता. तेलाच्या चिंधीत गुंडाळलेला. दर महिन्याला तो चिंधी बदलायचा, त्यामुळे गंज जिथं होता तिथंच थांबला होता. फौजेच्या कारखान्यातून पंधरा दिवसांची रजा घेऊन तो वडनेरला आला, तेव्हाही तुकडा त्याच्या खिशातच होता.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. घरी येऊन त्याला चार दिवस झाले, तरी तो वरच्या आळीला फिरकला नव्हता. शेवटी त्याच्या आईनं ताटात करंज्या-चिवडा घालून वर फडकं टाकलं आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"जाय, सत्यभामाबाईकडं देऊन ये. तिच्या घरी औंदा तळण नाही. तुये डोळे चुकवणं साऱ्या गावाले दिसून राह्यलं."

सत्यभामाबाईचा थोरला मुलगा इंद्रभान आणि शेषराव एकाच वयाचे. एकाच दिवशी दोघांनी फौजेत नाव घातलं, एकाच गाडीनं कारागिरीच्या शाळेत गेले, तिथं एकाच बाकापाशी उभे राहिले. शेषराव पास होऊन लढाईपासून लांब, मागच्या कारखान्यात राहिला. इंद्रभान नापास झाला, त्याला लॉरीवर पाठवलं. गेल्या चैत्रात मणिपूरच्या रस्त्यावर ती लॉरी दरीत गेली. घरी तार आली, दुसरं काही आलं नाही. जाळायला देह नाही, नदीत सोडायला राख नाही.

सत्यभामाबाई ओट्यावर बसून कापसातला काडीकचरा वेचत होती. धाकटा निवृत्ती पायरीवर होता. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात तो यंत्रांना तेल घालायच्या कामावर होता. आज जिन बंद होतं.

"ये, शेषराव," ती म्हणाली. ताट घेऊन तिनं आत ठेवलं आणि परत येऊन बसली. "वाळलास रे. खायले देतात का नाही तिकडं?"

"देतात, काकू. पोळ्या देतात. भाकर नाही भेटत, म्हून वाळलो."

"शेषभाऊ, बरं झालं आलास," निवृत्ती पुढं सरकला. "माया कागद येऊन दोन महिने झाले. त्याच शाळेचा. सोमवारी नांदुऱ्याच्या टेसनावर हजर व्हा म्हणते. आन माय हो बी म्हणत नाही, नाही बी म्हणत नाही. तिनं हो म्हटल्याबिगर मी पाय उचलत नाही, हे बी तिले ठाऊक आहे."

सत्यभामाबाईचे हात थांबले नाहीत.

"मी एक पोरगं शाळेत धाडलं होतं," ती म्हणाली. "लढाईवर नाही, शाळेत. नाव लिहून घेणाऱ्यानं ह्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं, बाई, हे शाळेत चाललं. शाळेत गेलेल्या पोराची तार येते काय? तू सोबत होतास. तिथं काय होते ते मले पह्यल्या दिवसापासून सांग. काही गाळू नको. मंग मी काय ते सांगीन."

शेषरावानं सांगायला सुरुवात केली. सोपं होतं ते आधी सांगितलं.

"पह्यल्या दिवशी न्हावी. तुये हे झुलपं राह्यत नाहीत बे, निवृत्ती. मंग दोन घोंगड्या, एक जस्ती मग, आन बूट. बुटानं आठ दिवस चालता येत नाही. चिखलीकडचा कडूबा नावाचा एक होता आमच्यात, त्यानं दोन्ही बुटाच्या नाड्या बांधून गळ्यात घातले आन परेडले अनवाणी आला. हवालदार म्हणे, ये क्या है? तं हा म्हणे, साहेब, नवे आहेत, झिजतीन."

निवृत्ती खो खो हसला. सत्यभामाबाईच्या ओठाची एक बाजू हलली.

"मारतात?"

"नाही काकू. बोलतात लई. पहाटे बिगुल, मंग कवायत. आठ वाजता शेडमंदी. तिथं लांबच लांब बाक. हरेकाच्या पुढं एक बांक म्हणून लोखंडी जबडा, त्यात तुकडा धरायचा आन कानशीनं घासायचा. पह्यला महिना दुसरं काही नाही. नुसतं घासणं."

"महिनाभर?" निवृत्ती म्हणाला. "मी तं जिनात अख्खं यंत्र खोलतो."

"खोलत असशीन. शिकवणारा उस्ताद पह्यले हाच माज उतरवते. आपण शेतातले, कानस बी वखरावानी दाबून ओढतो. तो मागं येऊन उभा राह्यते आन म्हणते, हल चला रहा है क्या? मंग गुण्या लावते, काटकोन पाह्याची पट्टी. गुण्या तुकड्याच्या बाजूवर ठेवायचा आन उजेडाकडं धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली का पुन्हा घास. घासता घासता माप गेलं का तुकडा भंगारात आन नवीन हातात. माये अकरा गेले."

"आन इंद्रभानचे?"

"चार."

तिनं मान हलवली. तिला ते ठाऊक असल्यासारखी.

मग त्यानं संध्याकाळच्या वर्गाचं सांगितलं. मिसरूड फुटलेले गडी पाटी घेऊन मांडी घालून बसत आणि इंचाचे हजार भाग कसे करायचे ते शिकत. एक केस म्हणजे त्यातले दोन-तीन भाग. ताप आला तर दवाखाना आहे, कुनैन देतात. पत्र लिहायला रविवार. पाचव्या महिन्याच्या शेवटी परीक्षा. बाहेरून साहेब येतो. एक इंचाचा चौकोनी तुकडा करायचा. पत्र्याला चौकोनी भोक असतं, त्यातून तो सहाही बाजूंनी अडकल्याशिवाय, आणि उजेड न दाखवता, गेला पाहिजे. पास झाला तो मागच्या कारखान्यात. तोफा, गाड्या दुरुस्त करायच्या. लढाई तिथून शेकडो कोस लांब.

"आन नापास झाला तो?"

"त्याले जिथं माणूस कमी असन तिथं धाडतात."

कापसाचा एक गोळा तिच्या हातात तसाच राहिला.

"मंग माया इंद्रभान नापास काऊन झाला?" ती म्हणाली. "तुये अकरा गेले, त्याचे चार. गावातल्या साऱ्या पोरायले भोवरे तोच करून देत होता. त्यानं पत्रात लिहिलं, नापास झालो, गाडीवर धाडून राह्यले. काऊन ते लिहिलं नाही."

"नशीब, काकू. साहेबाची मर्जी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हे उत्तर त्यानं कारखान्यात असताना शंभर वेळा घोकलं होतं, आणि आता तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते मापात बसत नाही हे त्यालाच कळलं. ती मात्र उठून आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली.

"हे पाह्य. अजून मी काही ठरवलं नाही. पण बांधून ठेवलं आहे."

निवृत्ती पुढं वाकला. "माय! हे कधी केलं तू?"

"तू जिनात जातो तवा."

तिनं एकेक वस्तू ओट्यावर मांडली. सातूचं पीठ. जवसाची चटणी. धुतलेलं धोतर. सगळ्यांत शेवटी लाल कापडाची दोन बोटं एवढी पुरचुंडी.

"हे देवीचं हळदकुंकू. थोरल्याले बी असंच देल्लं होतं. आपण शेतातले, खंडेनवमीले विळा-कुऱ्हाड पुजल्याबिगर घरात अन्न शिजत नाही. तिथं बी हत्यारच हातात, मंग देवी तीच. निवृत्ती, ध्यानात ठेव. आधी साबनानं स्वच्छ धुवायचं, कोरडं पुसायचं, मंग ओलं हळदकुंकू लावायचं, आन दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही."

शेषरावाचा हात खिशावर गेला.

निवृत्तीचा कागद आल्याचं त्याला घरच्या पत्रातून कळलं होतं; त्याला एकट्याला गाठायचं, हे त्यानं गाडीतच योजलं होतं. नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्याच्या कानात सांगायचं, पोरा, तिथं हत्यार धुऊ नको, तेल पुसू नको. पण निवृत्ती विचारणार, काऊन? आणि एकदा सांगितलं की तो याच घरात, याच आईसमोर, ते पोटात घेऊन जेवायला बसणार. शेषराव दोन वर्षं तसं जेवला होता. ते दुसऱ्याच्या पानात वाढायला त्याचा हात उचलेना.

त्यानं चिंधी सोडली आणि तुकडा कापसाच्या ढिगावर ठेवला.

"काकू, हा इंद्रभानचा परीक्षेचा तुकडा."

ती वाकून पाहू लागली. हात लावला नाही.

"खंडेनवमीच्या दिवशी आमचे दोघांचे बी तुकडे तयार झाले. इंद्रभानचा असा होता का उस्तादानं साऱ्या शेडले दाखवला. परीक्षा दसऱ्याच्या सकाळी. सांजेले इंद्रभान म्हणे, मायची पुरचुंडी आहे, पूजा करू. पूजा कशी करायची ते लिहिलेलं तुमचं पत्र त्यानं उघडून समोर ठेवलं. जसं लिहिलं होतं तसं केलं. बंबातलं ऊन पाणी आणलं, साबनानं तुकडा धुतला, तेलाचा अंश ठेवला नाही. कोरडा पुसला. मंग हळद, मंग कुंकू, अनामिकेनं. फूल ठेवलं. हात जोडले."

"आन तू?"

"मी आळशी, काकू. कोण पाणी आणते म्हून मी धुतलाच नाही. तेलावरच बोट टेकवलं."

शेषरावानं डागांकडं बोट दाखवलं.

"घरचा विळा गंजला तरी काय बिघडते. सकाळी दगडावर दोन हात मारले का झालं. पण ताज्या घासलेल्या पोलादाले तेल नसलं आन ओल लागली तं एका रातीत गंज धरते. सकाळी कुंकू पुसलं तं खाली हे. घासून काढावं तं माप जाते, भोकातून उजेड दिसते. उस्ताद रडकुंडीले आला. त्यानं साहेबाले सांगितलं, पूजा की है लडके ने. साहेब म्हणे, जो आपलं काम रातभर सांभाळू शकत नाही त्याले तोफेजवळ कसं उभं करू? गंज म्हणजे गंज."

"इंद्रभान काय म्हणे?"

"साहेबाले काही नाही म्हणे. बाहेर येऊन तुकडा भंगारात टाकला. मी मागून काढून घेतला. मले म्हणे..." शेषरावानं हातातली चिंधी दुमडली. "म्हणे, शेषा, मायले सांगू नको. तिचं खंडेनवमीवरचं मन उडीन."

निवृत्ती पायरीवरून उठून जोत्याच्या कडेला जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून. रस्त्यानं कापसाची एक बैलगाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडंच पाहत राहिला.

सत्यभामाबाईनं तुकडा उचलला. तळहातावर घेऊन जड आहे का ते पाहिलं. मग डागाची बाजू वर करून उन्हात धरली, आणि तिला त्या रेषा दिसल्या.

"ह्या काय?"

"त्याच्या बोटाच्या आहेत, काकू. हाताचा घाम बी लोखंडाले धरते."

"त्याच्या बोटाच्या," ती म्हणाली.

तिनं आपलं बोट त्या डागाकडं नेलं आणि केसभर अंतरावर थांबवलं. टेकवलं नाही. पुसून जाईल की काय अशी भीती वाटावी तसं ते बोट तिथंच राहिलं. शेषरावाला सांगायचं होतं की हे पुसत नसतं, पोलादात उतरलेलं असतं. पण त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

"काकू, तुमची काही चूक..."

"थांब." तिनं हात वर केला. "ते पत्र मीच लिहायले सांगितलं होतं मास्तरले. साबनानं धू, हे बी मीच. तो माया शब्दाबाहेर कधी गेला नाही. तुयासारखा आळशी असता तं आज ह्या ओट्यावर बसला असता."

शेषरावानं मान खाली घातली. ती रागानं बोलली नव्हती. मोजून जे निघालं ते सांगितल्यासारखं बोलली होती. त्यामुळेच ते ऐकणं जड होतं.

ऊन ओट्याच्या कडेवरून खाली उतरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तुकड्यावर पडू नये म्हणून तेवढा हात लांब धरला होता.

मग तिनं डाव्या हातानं लाल पुरचुंडी उचलली आणि आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. पीठ, चटणी, धोतर पुन्हा गाठोड्यात रचलं. आत जाऊन करडीच्या तेलाची लहान बाटली आणली, बुचाला चिंधी करकचून गुंडाळली.

"तिथं तेल देतात, काकू," शेषराव हळूच म्हणाला.

"देऊ दे." तिनं बाटली धोतराच्या घडीत ठेवली आणि गाठोड्याची चारही टोकं बांधली.

"निवृत्ती, इकडं पाह्य."

तो वळला. त्याचं तोंड ओलं होतं.

"मी नाही जात, माय," तो म्हणाला. "मले नाही जायचं आता."

"मी विचारलं नाही तुले." तिनं तुकडा चिंधीत गुंडाळला, आणि दोन महिने जे ओठांवर अडलं होतं ते शांतपणे बोलली. "सोमवारी तू जाशीन. मी हो म्हणून राह्यली. हातातल्या वस्तूले रोज तेल लावजो, आन खंडेनवमीले तिले पाणी दाखवू नको. पूजा मी इथं करीन. ह्याची."